नटाने पायरी सोडली म्हणजे

वऱ्हाडातील वाशीम हे गाव आज कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या बाजारपेठेमुळे ठाऊक असले, तरी जुन्या वाङ्मयात त्याचे वत्सगुल्म हे नाव मोठ्या मानाचे आहे. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला, तो याच नगरीत. त्याच्याही बऱ्याच आधी, चौथ्या शतकात, येथील वाकाटक नृपती सर्वसेन याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले आणि आनंदवर्धनासारख्या चोखंदळ पंडिताने त्याची दखल घेतली. राजाने सिंहासनावरून उतरून लेखणी हाती धरली, तर त्याला ‘तुझे काम राज्य करण्याचे’ असे कोणी बजावीत नाही. परंतु नटाने रंगमंचावरून उतरून शेतीविषयी, राज्यकारभाराविषयी किंवा देवाविषयी तोंड उघडले, की ‘तोंडाला रंग फासणाऱ्याने आम्हांला शिकवू नये’ असा शेरा तत्काळ येतो.

हा शेरा फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या अखेरच्या अध्यायात भरतपुत्रांची कथा येते. विद्येने उन्मत्त होऊन त्यांनी ऋषींचीच नक्कल प्रयोगात केली. ऋषी कोपले आणि नटवंशाला हीनत्वाचा शाप मिळाला. म्हणजे थट्टेचा आरंभ नटांनीच केला, असे शास्त्रकार सांगतात! मनुस्मृतीने तर कुशीलवाला, म्हणजे नटाला, न्यायासनापुढे साक्षीस उभे करू नये असे ठरवून टाकले. गंमत अशी, की ज्या श्लोकात नटाला ही मनाई आहे, त्यातच राजालाही आहे. दोघांची कारणे अर्थातच निराळी. पण शतकानुशतके हा श्लोक ऐकवला गेला तो नटाला, राजाला नव्हे.

नटाने वेष न उतरवता लोककार्य केले, तर मात्र समाजाला ते गोड लागते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. खाडिलकरांच्या त्या नाटकात बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे धुरंधर एका रंगमंचावर पाहण्यास नाट्यगृहात गर्दी उसळली. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले, त्यामुळे त्या रात्रीची आठवण मराठी मनात अधिकच कोरली गेली. येथे नटांनी राजकारणाला हात घातला होता, यात शंका नाही. पण त्यांनी भाषण केले नाही; पदे म्हटली. प्रेक्षकांना तेवढेच हवे होते.

पुढील काळात काही नटांनी भाषण करण्याचे धाडस केले. डॉ. श्रीराम लागू हे नाक, कान व घसा यांचे शल्यवैद्य. चालता व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर म्हणून उभे राहिले, तेव्हा महाराष्ट्र रडला. याच गृहस्थांनी पुढे अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने दिली, देवाला आता निवृत्त करावे असे लिहिले, आणि टाळ्या देणाऱ्या हातांपैकी कित्येक आवळले गेले. बेलवलकरांचे आकांत ऐकताना ज्यांना त्यांची विद्वत्ता दिसली, त्यांनाच व्यासपीठावरील लागू ‘शेवटी नटच’ वाटू लागले. वैद्यकाची पदवी या वेळी कोणाच्या ध्यानात राहिली नाही!

निळू फुले यांची तऱ्हा तर आणखी विलक्षण. पडद्यावरील पाटलाच्या दुष्टपणामुळे खेड्यांतील बायाबापड्या त्यांना पाहून बिचकत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लागू, फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ सामाजिक कार्य करणाऱ्यांना त्यातून मानधन मिळावे, हा हेतू. पैसा आला, कारण तिकिटावर नाटक होते. व्याख्यान असते तर सभागृह कितपत भरले असते, कोण जाणे.

सगळीच थट्टा अन्यायाची असते, असे मात्र नव्हे. 2004 मध्ये गोविंदा उत्तर मुंबईतून राम नाईकांसारख्या मुरब्बी पुढाऱ्याला पाडून लोकसभेत गेले. पुढे ते मतदारसंघात दिसत नाहीत अशी तक्रार मतदारच करू लागले. अशा ठिकाणी हसणे हा प्रजेचा हक्क आहे, आणि तो बजावलाच पाहिजे.

वाशीमच्या शिवारात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा उरत नाही. 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होते. सप्टेंबर 2015 मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम’ संस्था काढली आणि मराठवाडा-विदर्भातील अशा घरांतील विधवांच्या हाती पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश ठेवण्यास प्रारंभ केला. एक करारी मुद्रेचा नट, दुसरा ग्रामीण बोलीत लोकांना हसवणारा. ‘निवडणुकीचे तिकीट हवे असेल’ असा तर्क झालाच. 2016 मध्ये आमीर खान यांच्या पाणी फाउंडेशनने तीन तालुक्यांत श्रमदानाची स्पर्धा घेतली, तेव्हा ‘लगान’मधला शेतकरी आता खऱ्या शेतकऱ्याला खणायला शिकवणार, अशी टिंगल झाली. पाणलोटाच्या काही अभ्यासकांनी यंत्राने केलेल्या खोदकामावर घेतलेले आक्षेप याहून वेगळे. ते कामावर होते, नटाच्या जातीवर नव्हते, आणि त्यांना उत्तर देणे प्राप्तच होते. त्या वर्षी साताऱ्याकडील वेळू गाव पहिले आले. पुढे स्पर्धेत वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुकाही उतरला, आणि वैशाखाच्या उन्हात तेथील माणसे कुदळ-फावडी घेऊन माळावर गेली.

‘नाम’च्या स्थापनेला चार महिने होत आहेत तोच, 1 जानेवारी 2016 रोजी ‘नटसम्राट’ चित्रपट झळकला. त्यात बेलवलकर होते नाना पाटेकर. प्रेक्षक पुन्हा एकदा, 1970 सारखेच, डोळे पुसत बाहेर पडले.