संजय गांधी राष्ट्रीय उद्यान : शहर व बिबळ्यांचे सहजीवन

मुंबई व ठाणे शहरांच्या वस्तीने वेढलेले सुमारे 104 चौ. किमी. क्षेत्राचे संरक्षित वन. पूर्वीचे नाव बोरिवली राष्ट्रीय उद्यान. मुंबईला पाणी पुरवणारे विहार (1860) व तुळशी (1879) हे तलाव आणि कान्हेरीची बौद्ध लेणी याच वनात आहेत.

उद्यान व लगतच्या आरे परिसरात 2015 च्या कॅमेरा-गणनेत 35 बिबळे नोंदले गेले. वस्तीच्या कडेला साचणाऱ्या उकिरड्यावर भटके कुत्रे पोसले जातात आणि त्यांच्यामागे बिबळ्या येतो. 2004 च्या सुमारास माणसांवरील हल्ले वाढले. बिबळ्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न मिटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. म्हणून 2011 मध्ये वनविभागाने अभ्यासक व नागरिकांसह ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. त्यातून वस्त्या, शाळा, पोलीस व पत्रकार यांच्याशी थेट संवाद साधला गेला.

रहिवाशांनी पाळायच्या गोष्टी साध्या आहेत : कचरा वेळेवर उचलावा, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, वाटेवर व शौचालयापाशी दिवा असावा, बिबळ्या दिसल्यास गर्दी करून त्याची वाट अडवू नये. परिसरातील वारली पाड्यांत शेंदूर लावलेल्या वाघोबाची, म्हणजे वाघ-बिबळ्याच्या रूपातील देवाची, पूजा होते. रानाच्या धन्याला मान देऊन जगण्याची ही जुनी रीत आहे. हे वन टिकवणे हे मुंबईकरांचे स्वतःच्या पाण्याप्रती व हवेप्रती कर्तव्य आहे.