वेदी, घंटा आणि दीपमाळ

सिल्लोडहून उत्तरेच्या रस्त्याने गोळेगाव मागे टाकून अजिंठा गावाच्या जुन्या वेशीपाशी यावे, घाट उतरून फर्दापूर गाठावे आणि तेथून लेण्यांकडे वळावे, हा आमच्या तालुक्यातील प्रत्येक मुलाच्या पायाखालचा मार्ग आहे. पहिल्या लेण्याच्या अंधारात दिवा वर उचलला जातो आणि काळोखातून पद्मपाणीचा नतमुख चेहरा हळूहळू उमलतो, तेव्हा श्रद्धेला डोळ्यांची वाट किती जवळची असते, हे शास्त्र न वाचलेल्यालाही समजते. याच भिंतींपुढे 1920 ते 1922 या काळात दोन इटालियन तज्ज्ञ उभे होते. हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी असताना निजाम सरकारने लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी यांना मुद्दाम इटलीहून बोलावून घेतले होते. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, तुटक्या कडा बुजवल्या आणि चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ज्या देशात चर्चच्या भिंती आणि घुमट चित्रांनी भरून काढण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली, त्या देशाची विद्या वाकाटककालीन बोधिसत्त्वाच्या सेवेला आली, ही घटना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. परंतु इटलीच्या कॅथलिक कलेची आणि मराठी मुलखाची ही पहिली भेट नव्हे. ती ओळख त्यापूर्वी तीन शतके गोव्यात आणि वसईत झालेली होती.

त्या कलेला युरोपात बरोक म्हणतात, आणि या नावाची व्युत्पत्ती वेड्यावाकड्या मोत्याला असलेल्या पोर्तुगीज शब्दापासून सांगितली जाते. मार्टिन लूथरच्या बंडाने कॅथलिक धर्मसत्ता हादरली, अनेक ठिकाणी संतांच्या मूर्ती फोडल्या गेल्या आणि प्रतिमापूजेवरच आक्षेप घेतला गेला, तेव्हा ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 साली असा निर्णय दिला की, प्रतिमेला केलेले वंदन प्रतिमेत थांबत नाही, ते मूळ पुरुषाला पोचते, आणि अक्षरशत्रू भाविकाला धर्म शिकविण्यासाठी चित्र व मूर्ती ही साधने योग्यच आहेत. मूर्तीतून मूर्तिमंताकडे जाण्याचा हा विचार आपल्याकडच्या भाविकाला परका वाटण्याचे कारण नाही. या निर्णयातून पुढे जी कला वाढली, तिने भाविकाला दूर उभे राहून पाहू दिले नाही. वळणदार स्तंभ, उडती वस्त्रे, सोन्याचा मुलामा आणि वरून नेमक्या जागी पाडलेला प्रकाश यांच्या योगाने तिने त्याला प्रसंगाच्या आत ओढून घेतले.

गोव्यावर पोर्तुगीज अंमल 1510 पासून होता आणि 1542 साली संत फ्रान्सिस झेवियर तेथे पोचले. जेझुइट संघाने जुन्या गोव्यात बॉम जेझुस या चर्चचे बांधकाम 1594 मध्ये आरंभिले आणि 1605 मध्ये त्याचे पावनीकरण झाले. भिंती स्थानिक जांभ्याच्या असल्या, तरी दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी काळा दगड वसईहून जलमार्गाने आणला गेला, म्हणजे सह्याद्रीचाच पाषाण त्या परदेशी रचनेच्या कपाळी लागला. आत जाऊन मुख्य वेदीपुढे उभे राहावे. जमिनीपासून छताला भिडणारी लाकडी कोरीव भिंत सोन्याच्या वर्खाने मढलेली आहे. खाली बाळ येशूची लहानशी मूर्ती आहे, तिच्यावर संत इग्नेशियसची भव्य मूर्ती मान उंचावून उभी आहे, तिच्या दृष्टीच्या टोकाला येशूनामाची अक्षरे धारण करणारे सूर्यमंडळ आहे, आणि सर्वांच्या वर पवित्र त्रैक्य आहे. पाहणाऱ्याची नजर बाळापासून संताकडे, संताकडून सूर्याकडे आणि सूर्याकडून परमेश्वराकडे आपोआप चढत जाते, आणि एकही शब्द न उच्चारता प्रवचन पुरे होते.

हे प्रवचन कोणाच्या हातांनी घडले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गोव्याच्या 1567 च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती उपासनेच्या प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली, आणि तशी फर्माने पुढेही पुन्हा काढावी लागली. जी आज्ञा पुनःपुन्हा द्यावी लागते ती पाळली जात नसते, हे कोणत्याही दप्तराचा अभ्यासक सांगेल. कुशल सुतार, सोनार, हस्तिदंताचे कोरक्ये हे याच भूमीतले होते, आणि हत्यार धरलेला हात आपले संस्कार उंबरठ्याबाहेर ठेवून येत नाही. म्हणूनच गोव्यातील जुन्या व्यासपीठांना खालून तोलून धरणाऱ्या आकृती पाहताना देवळातील नागकन्या आठवतात, आणि वेदीवरच्या वेलबुट्टीत इथलीच पाने व इथलीच फळे दिसतात. संत झेवियर यांच्या अवशेषांची चांदीची पेटी 1637 च्या सुमारास गोव्यातील चांदीकारांनी घडवली. तिच्या 32 पत्र्यांवर संताच्या चरित्रातील प्रसंग ठोकून काढलेले आहेत. ही पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर विराजमान आहे तो मात्र फ्लॉरेन्सच्या जोवान्नी बातिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराच्या हातचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो अर्पण केला आणि 1698 मध्ये तो बॉम जेझुसमध्ये उभा राहिला. खाली फ्लॉरेन्सचा दगड आणि वर गोव्याची चांदी: चेकोनी अजिंठ्याला येण्यापूर्वी सव्वादोनशे वर्षे इटलीचा आणि या किनाऱ्याचा हात असा एका कामाला लागलेला होता. शब्दाच्या क्षेत्रातही तेच घडले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी मराठी ओवी निवडली आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले.

या वैभवाच्या पायाखाली जे दडपले गेले त्याचा उच्चार न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळे पाडली गेली, आणि कुट्ठाळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा ही दैवते भक्तांनी जीव मुठीत धरून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली, जेथे तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. मूर्तीला केलेले वंदन मूर्तिमंताला पोचते असे ट्रेंटच्या ज्या धर्मसत्तेने सांगितले, तिनेच दुसऱ्याच्या मूर्तीला तो न्याय नाकारला, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद विसंगती होय.

आणि तरीही त्याच दैवतांची पुढे जी मंदिरे उभी राहिली ती पाहून मन थक्क होते. कोचऱ्याचे नारोराम मंत्री हे सातारकर छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील मातबर पुरुष. त्यांच्या पुढाकाराने आणि महाराजांच्या आश्रयाने कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे मंदिर 1738 च्या सुमारास पूर्ण झाले, आणि पुढील वर्षी कवळे गाव देवीला इनाम मिळाला. वाकाटक सम्राट हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून दिले होते. राजाचा मंत्री देवाचे घर बांधतो ही वहिवाट तेराशे वर्षांनंतरही मोडली नव्हती. परंतु या देवळाची घडण पाहा: कमानदार खिडक्यांच्या रांगा, भिंतीत अर्धे रुतलेले स्तंभ, कठडे आणि गर्भगृहावर शिखराऐवजी घुमट. अंगणातील मजल्यामजल्यांची दीपमाळ तर चर्चच्या मनोऱ्याची बहीण शोभते. ज्या वास्तुशैलीच्या सावलीत देवीचे मूळ स्थान गेले, त्याच शैलीतील जे सुंदर होते ते देवीच्या नव्या घरासाठी निःशंक मनाने उचलले गेले. यात मला पराभवाची खूण दिसत नाही. गवंड्याच्या ओळंब्याला जात नसते आणि सौंदर्य कोणाच्या मक्त्याचे नसते, याची ती साक्ष आहे.

इनामाचे ते साल आणि वसईच्या विजयाचे साल एकच, 1739. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई शरण आली आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात 1721 साल कोरलेली अशी एक घंटा आजही टांगलेली आहे. जिचे ओतकाम प्रार्थनेसाठी झाले ती शिवालयापुढेही प्रार्थनेच्याच जागी राहिली. लढाईत हाती आलेली इतर धातू वितळवून तोफा ओतता येतात, ही घंटा मात्र कोणी वितळवली नाही.

अजिंठ्यावर दिलेले ते लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, आणि जपण्यासाठी घातलेल्या त्या आवरणानेच रंग मंदावले. आता पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ ते थर मोठ्या धीराने, बोटभर जागा घेऊन, उतरवीत असतात. गोव्याची, वसईची, कवळ्याची कथा मला तशीच वाचावीशी वाटते: सत्तेचा थर आणि वैराचा थर नाकारायचा नाही, परंतु त्यांच्या खाली ज्या हातांनी रेष ओढली, वर्ख चढवला, चांदी ठोकली, त्या हातांपर्यंत पोचायचे. सिल्लोडच्या रस्त्याने लेण्यांकडे जाणाऱ्या मुलाने एकदा जुन्या गोव्याच्या वेदीपुढेही उभे राहावे. पद्मपाणीपुढे दिवा उचलला जाताना त्याची नजर जशी काळोखातून वर जाते, तशीच ती तेथेही जाईल, आणि दोन्हीकडे वाट दाखविणाऱ्या त्या अनाम कारागिराला त्याचा नमस्कार एकाच वेळी पोचेल.