जिवंत माणसाचा विमा

विमा हा शब्द उच्चारला की मनात प्रथम मृत्यू उभा राहतो. घरातला कर्ता गेला तर मागे राहणाऱ्यांचे काय, ही चिंता स्वाभाविकच होय. परंतु कर्ता गेला नाही, माडावरून पडून अंथरुणाला खिळला, अथवा यंत्रात सापडून त्याचा उजवा हात निकामी झाला, तर काय? मिळकत थांबते, खाणारे तोंड मात्र कमी होत नाही. उलट औषधपाण्याचा आणि शुश्रूषेचा खर्च वाढतो. अपघात आणि अपंगत्व यांचा जादा विमा घ्यावा की नाही, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. आणि हा हिशेब कायद्याच्या भाषेत उतरण्यास फार काळ लागला.

गोव्याच्या उत्तरेकडील डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आले. नव्या काबिजादीतील या तालुक्यांत संसार चाले तो भातशेती, माड आणि मासळी यांवर. कोणी जायबंदी झाला तर एकत्र कुटुंब आणि वाड्यावरची सावड हाच त्याचा विमा. त्याला हप्ता नव्हता. पण दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाण्याचे देणे प्रत्येकाच्या माथी होते.

कारखाने आणि खाणी आल्या, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. जर्मनीने १८८४ मध्ये कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा केला. इंग्लंडने १८९७ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. पोर्तुगालने १९१३ मध्ये तोच मार्ग धरला. हिंदुस्थानातील कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्यातील दोन आकडे विचार करण्याजोगे आहेत. प्रौढ कामगार अपघातात मृत्यू पावला तर वारसांना ३० महिन्यांचे वेतन, आणि तो कायमचा पूर्ण अपंग झाला तर त्याला ४२ महिन्यांचे वेतन, असे प्रमाण ठरले. या रकमांना अनुक्रमे २,५०० आणि ३,५०० रुपयांची मर्यादा होती. पुढे आकडे बदलले. तथापि अपंगत्वाची भरपाई मृत्यूच्या भरपाईहून अधिक, हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय कायदे येथे लागू होत गेले. मात्र त्यांचा आधार सर्वांना सारखा मिळाला नाही. डिचोलीत शिरगाव, मये, पाळी या परिसरात लोहखनिजाच्या खाणी होत्या. खाणीवरच्या माणसाला मालक होता, म्हणून भरपाई मागायला दार होते. पेडण्याचा रेंदेर मात्र भाटकाराला खंड देऊन माड घेई. तो कोणाचाच चाकर नव्हे. झाडामागे मजुरी घेणारा पाडेली आज या बागेत, तर उद्या त्या बागेत. ज्यांचे काम सर्वांत उंचावरचे, त्यांच्यामागे मालकही नाही आणि कायदाही नाही, अशी ही विसंगती होती. खाणकामगाराचा आधारही अभंग राहिला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि नोकरीबरोबर आलेले संरक्षण नोकरीबरोबरच गेले. स्वतःच्या नावाने घेतलेला विमा माणसाच्या सोबत राहतो, हा त्यातला धडा होय.

मग कोणता विमा पुरेसा? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता आरंभी १२ रुपये होता. जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. अपघाती मृत्यू अथवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. इतक्या अल्प मोलात हे संरक्षण नाकारण्याचे कारण नाही. परंतु महिना २०,००० रुपये मिळवणाऱ्याला २ लाख म्हणजे अवघ्या १० महिन्यांची मिळकत. १९२३ च्या ४२ महिन्यांचे माप लावले तर त्याची गरज ८ लाख ४० हजारांची ठरते. जादा विम्याची जागा या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

दुसरी उणीव अधिक नित्याची आहे. पाय मोडून तीन महिने घरी बसावे लागले, पण पाय पुन्हा जुळला, तर वरील योजनेतून काही मिळत नाही. इस्पितळाचा भार गोव्यात २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना काही अंशी उचलते. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी आणलेल्या ‘सरल सुरक्षा बीमा’ या प्रमाणित पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी साप्ताहिक रकमेचे ऐच्छिक कलम आहे. ते रोजंदारीवाल्याच्या खऱ्या उपयोगाचे; पगारी रजा असणाऱ्या नोकरदाराला त्याची तितकीशी निकड नाही.

पॉलिसी घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. अपघातविमा अपघातापुरताच असतो. पक्षाघाताने लुळा पडलेला हात किंवा मधुमेहाने गमावलेला पाय त्यात येत नाही. दुसरे, धंदा खरा सांगावा. माडावर चढणाऱ्याने ‘शेती’ एवढेच लिहिले तर थोडा हप्ता वाचेल, आणि नेमक्या वेळी दावा अडेल. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही स्वतंत्र विमा योजना आहे. तिची चौकशी आधी करणे हिताचे.

सारांश, ज्या घराची चूल एका माणसाच्या दोन हातांवर पेटते, त्या घराला हा खर्च परवडतो की नाही याआधी त्या हातांची किंमत मोजली पाहिजे. मृत्यूनंतर किती मिळेल, हे विमा एजंट न विचारताच सांगतो. माणूस वाचला तर किती आणि कधीपर्यंत मिळेल, हे विचारणाऱ्याला विचारावे लागते. आणि पॉलिसी घ्यावी की नाही, हे त्याच उत्तरावर ठरवावे.