पेपरमधला गोठलेला आकडा : पासवर्ड हॅशिंगचा थोडा इतिहास

जुना पेपर वाचताना आपण सहसा त्यातली कल्पना वहीत टिपतो आणि आकडे सोडून देतो. ‘त्या काळची मशीन्स होती, आता काय त्याचं,’ असं म्हणून पुढे जातो. या पोस्टमध्ये तुम्हाला उलटं करून बघायला सांगणार आहे. आकडे आधी बघा. उदाहरण घेऊ रोजच्या वापरातलं : तुम्ही वेबसाइटवर टाकलेला पासवर्ड सर्व्हरवर कसा साठवतात आणि कसा तपासतात.

फाइल कधीतरी बाहेर जाणारच

१९६० च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती. एकाच संगणकावर अनेक जण काम करायचे, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिलेला. हे सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत. एके दिवशी एक व्यवस्थापक ती फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा रोजची सूचना लिहीत होता. एडिटर तात्पुरत्या फाइलला कायम एकच नाव द्यायचा. दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. सीटीएसएसचे प्रमुख फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला. यात चोर कुणीच नव्हता, हे लक्षात घ्या.

त्याच दशकात केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी वेगळा विचार केला : पासवर्ड संगणकाला माहीत असायची गरजच काय? गिरणीत दळलेल्या पिठाचे परत गहू होत नाहीत, तसं पासवर्डचं काहीतरी करायचं आणि फक्त ते ‘पीठ’ साठवायचं. माणूस लॉगिन करायला आला की त्याने दिलेला पासवर्ड त्याच गिरणीत घालायचा आणि आधीच्या पिठाशी जुळतो का ते बघायचं. आज आपण याला हॅश म्हणतो.

पण एक पळवाट राहतेच. फाइल हाती लागलेला माणूस अंदाजाने शब्द घेऊन स्वतःच दळत बसू शकतो. एखादं पीठ जुळलं की पासवर्ड सापडला.

१९७९ : तीन कल्पना, काही आकडे

इथे येतो रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या बेल लॅब्समधल्या दोघांचा १९७९ चा पेपर. तो तुम्ही जरूर वाचा, पानं मोजकीच आहेत. आपली आधीची पद्धत कशी मोडता येते हे ते स्वतःच मोजून दाखवतात. युनिक्सची ती पद्धत एका दुसऱ्या महायुद्धातल्या सांकेतिक यंत्रावर बेतलेली होती, आणि पीडीपी-११/७० वर एक पासवर्ड दळायला तिला १.२५ मिलिसेकंद लागायचे. आता तुम्हीच हिशेब करा. सहा लहान इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड २६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ३१ कोटी. सगळे तपासायला साधारण १०७ तास, पाच दिवससुद्धा नाहीत.

त्यांनी खऱ्या वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्डही गोळा केले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे होते. लोक पासवर्ड कसे निवडतात हे त्यांनी गृहीत धरलं नाही, मोजलं. पेपरचं खरं बळ इथे आहे.

उपाय म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, गिरणी मुद्दाम हळू केली : डीईएस ही सांकेतिक पद्धत लागोपाठ २५ वेळा चालवायची. खऱ्या माणसाला लॉगिनला क्षणभर जास्त लागेल, पण कोट्यवधी अंदाज तपासणाऱ्याचा जीव जाईल. दुसरी, ‘सॉल्ट’ : प्रत्येक पासवर्डसोबत १२ बिटांची यादृच्छिक संख्या मिसळायची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश बहुधा वेगळे दिसतात. शब्दकोश आधीच दळून ठेवायचा म्हटलं, तर प्रत्येक शब्द ४,०९६ प्रकारे दळावा लागतो.

एकेरी, हळू, सॉल्टसह. या तिन्ही कल्पना आजही शाबूत आहेत. आता आकड्यांकडे बघा : २५ वेळा, १२ बिट, आणि पासवर्डची पहिली आठच अक्षरं. हे तिन्ही त्या पद्धतीत कायमचे बसवलेले होते. संगणक दरवर्षी वेगवान होत गेले, २५ मात्र २५ च राहिले.

याचा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. सुमारे १९८० च्या बीएसडी युनिक्समधली एक जुनी पासवर्ड फाइल उपलब्ध होती, तिच्यात थॉम्पसन यांचाही हॅश होता. त्यांचा पासवर्ड ‘शब्दकोशातला’ नव्हता. बुद्धिबळात वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवण्याची खेळी, जुन्या लिपीत, बरोबर आठ चिन्हांत. सेकंदाला ९० कोटींहून जास्त अंदाज तपासणाऱ्या एका साध्या ग्राफिक्स कार्डाने तो चार दिवसांत शोधला. सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी तो पाळलाही होता. तरी आकडा त्यांना पुरला नाही.

१९९९ : आकड्याची जागा मोकळी ठेवली

नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचा १९९९ चा बीक्रिप्टचा पेपर या पार्श्वभूमीवर वाचा. त्यांनी २५ च्या जागी दुसरा मोठा आकडा टाकला नाही. ‘किती हळू’ हा प्रश्नच मोकळा ठेवला आणि त्याला ‘कॉस्ट’ असं नाव दिलं. कॉस्ट एकने वाढवली की श्रम दुप्पट. सॉल्टही १२८ बिटांचा केला.

याचा रोजच्या कामात काय फायदा? कॉस्ट आणि सॉल्ट हॅशच्याच ओळीत लिहिलेले असतात. लॉगिनच्या वेळी सर्व्हर ती ओळ वाचतो, त्याच मापाने दळतो आणि जुळवून बघतो. कॉस्ट जुनी वाटली तर त्याच क्षणी नव्या कॉस्टने परत दळून ठेवता येतं, कारण खरा पासवर्ड सर्व्हरच्या हातात फक्त तेवढाच वेळ असतो. पीएचपी या भाषेत २०१३ मध्ये यासाठी तयार फंक्शन आलं तेव्हा कॉस्ट १० होती. २०२४ च्या ८.४ आवृत्तीत ती १२ झाली. म्हणजे श्रम चौपट, आणि जुने वापरकर्ते अडकले नाहीत.

पण चांगली कल्पना छापून आली म्हणजे ती पोचली असं नसतं. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते एसएचए-१ चे होते, सॉल्टशिवाय. एसएचए-१ बनवलीच आहे मोठ्या फाइली भरभर हाताळण्यासाठी; इथे तोच वेग चोराच्या कामी आला. १९७९ चा धडा ३३ वर्षांनी परत गिरवावा लागला.

आणि बीक्रिप्टमध्ये गोठलेलं काही नव्हतं का? होतं. त्याला लागणारी मेमरी ठरलेली, फक्त चार केबीच्या आसपास. त्यामुळे स्वस्त चिप्सवर शेकडो गिरण्या शेजारी शेजारी चालवता येतात. पुढचं संशोधन नेमकं त्याच जागी झालं. कॉलिन पर्सिव्हल यांच्या २००९ च्या एसक्रिप्टने मेमरीचा खर्चही वाढवता येईल असा केला, आणि २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकणाऱ्या आर्गॉन२ मध्ये वेळ, मेमरी आणि समांतर धागे हे तिन्ही वेगवेगळे ठरवता येतात.

तुमच्यासाठी काम

या सगळ्यात एक क्रम दिसेल : आधीच्या पेपरमध्ये जो आकडा गोठलेला होता, तो पुढच्या पेपरने बदलता केला. म्हणजे संशोधनाचा प्रश्न आकाशातून पडला नव्हता, तो जुन्या पेपरमध्ये छापलेलाच होता.

म्हणून या आठवड्यात तुमच्या विषयातला एक गाजलेला पेपर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. शेजारी लिहा : हा मोजलेला आहे, त्या काळच्या साधनांमुळे आलेला आहे, की कारण न देता निवडलेला आहे? ८६ टक्के हा पहिल्या प्रकारचा, १.२५ मिलिसेकंद हा दुसऱ्या. तिसऱ्या प्रकारचे जिथे सापडतील तिथे थांबा, आणि तो आकडा दहापट केला तर पेपरमधलं कोणतं वाक्य खोटं ठरतं ते लिहून काढा. गाइडकडे जाताना तो कागद सोबत न्या.