ट्टॉक!

विरार फास्टमधून वसईला उतरायचं असेल, तर दार गाठायची लगबग आधीपासून करावी लागते. या लगबगीला आवाज कुठला? तरीही शब्द वाजतो.

जपानी भाषेत अशा शब्दांचे वेगळे गटच आहेत. ‘गिओंगो’ म्हणजे खऱ्या आवाजाची नक्कल. ‘गिताइगो’ म्हणजे आवाज नसलेल्या हालचालीचं किंवा अवस्थेचं ध्वनिचित्र. तिथे छाती ‘दोकिदोकि’ करते, तारे ‘किराकिरा’ चमकतात आणि चित्रकथांमध्ये शांतताही ‘शीन’ अशी ऐकू येते.

आपलं शालेय व्याकरण हे सगळं ‘अनुकरणवाचक’ या एकाच खणात कोंबतं. पण कडकडाट ऐकू येतो, लुकलुक फक्त दिसते. टकमक, मुळुमुळु हे तर अस्सल गिताइगोच! कथालेखकाला हे भांडार फुकटात मिळालंय. ‘ती हसली’ यातून कुणीच उभं राहत नाही. खुदकन हसणारी, फिदीफिदी हसणारी आणि खदाखदा हसणारी मात्र तीन वेगळ्या बायका.

भा. रा. भागवतांनी तर एका आवाजावर अख्खा पोरगा ओळखीचा केला. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, आणि त्याचं ‘ट्टॉक!’ त्यातला जोड-ट महत्त्वाचा. नुसत्या ‘टॉक’मध्ये कडी वाजते, ‘ट्टॉक’ म्हणताना जीभ टाळूला क्षणभर चिकटते आणि मग सुटते. 2017च्या चित्रपटात फेणे मोठा झाला, अमेय वाघ झाला, पण ‘ट्टॉक’ काही सुटलं नाही.