वरची आग

आपल्या चुलीची आग खालून लागते. भात, आमटी, पुरणपोळी सगळं त्या खालच्या आचेवर होतं. नानकटाई, बिस्किटं, केक यांना मात्र वरूनही धग लागते, आणि ती आणायची कुठून हा प्रश्न आपल्या बायकांनी दर पिढीत नव्याने सोडवला. मुलांसाठी घरात भाजलेला खाऊ कसा होत गेला, याचा इतिहास मला तरी या वरच्या आगीच्या मागे गेल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात जुना उपाय निखाऱ्यांचा. कोकणात जून काकडी किसून, तांदळाचा भाजलेला रवा आणि गूळ तिच्याच रसात शिजवून धोंडस करतात. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण थापायचं, पातेलं मंद चुलीवर ठेवायचं आणि झाकणावर निखारे पसरायचे. कडा खरपूस होतात, आणि मुलं त्या कडांवरच टपलेली असतात. गोव्यात बेबिंकचा एकेक थर असाच, करवंटीचे निखारे वर धरून भाजत आले आहेत. तेव्हा ‘बेकिंग’ आपल्याकडे साहेबाने आणलं, हे मला पूर्ण मान्य नाही. पाव पोर्तुगिजांमुळे आला. वरून भाजण्याची जाण मात्र घरातच होती.

देशावर, आमच्या पुण्यात, ही वरची आग गल्लीच्या टोकाला भट्टीत असे. माझ्या आजीच्या घरात बेकरीचा पाव येत नसे. तो पाण्यात भिजवलेल्या पिठाचा आणि परक्या हातचा. नानकटाईला मात्र तिची हरकत नव्हती. “पाणी नाही ना लागलं त्याला, तुपातलं आहे, चालतं,” म्हणायची. सोवळ्याच्या या एका पळवाटेने कितीतरी कर्मठ घरांतली पोरं भट्टीच्या दारात पोचली असतील. पीठ घरचं, तूप घरचं, हात घरचे. आग तेवढी बाहेरची.

पीठ मळणं हे खरं घरातलं मोठं काम. परातीत तूप घेऊन आई तळहाताने फेसायची, पिठीसाखर घालून पुन्हा फेसायची. पिवळसर तूप हळूहळू पांढरं व्हायचं, फुगायचं. मग वाटीभर पाण्यात त्याचा ठिपका टाकायचा. बुडाला तर अजून फेसायचं, तरंगला तर मैदा घालायचा. हात दुखला की परात आमच्याकडे यायची. त्या फेसण्यात शिरलेल्या हवेनेच नानकटाई खुसखुशीत होते. चिमूटभर सोडा नुसता मदतीला. वेलची, जायफळ, वर एक चारोळी. दिवाळीला रेशनवर जादा साखर आणि मैदा मिळे, त्यावर हा बेत ठरे. साजूक तूप परवडलं नाही तर डालडा. 1937 साली आलेल्या त्या पिवळ्या डब्याशिवाय आमच्या पिढीची दिवाळी सांगताच येणार नाही.

गोळे करून, झाकून, डबा घेऊन भट्टीवर जायचं काम मुलांचं. दुपारी. सकाळी भट्टीत लाकडं पेटवलेली असत, विटा तापल्या की निखारे ओढून काढत आणि त्या कडक तापात पाव भाजत. पाव निघाल्यावर विटा हळूहळू निवत जात. ही उतरती धग नानकटाईची. पावाच्या तापात ती घातली तर वरून करपेल आणि आत कच्ची राहील. भट्टीवाले चाचा आत हात घालून क्षणभर थांबत आणि सांगत, “अजून नाही.” त्यांच्याकडे दुसरं कुठलंच मापक नव्हतं. मग आमचे गोळे काळ्या पत्र्यांवर मांडले जात. प्रत्येक घरची खूण वेगळी. आमची मधोमध बोटाचा खळगा. लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकत. बाहेर येत तेव्हा गोळे पसरून त्यांना तडे गेलेले असत, आणि गरम नानकटाई उचलली की हातातच मोडे.

बर्मा-शेलने 1955 मध्ये मुंबईत बर्शेन नावाने स्वयंपाकाचा गॅस आणला. आमच्यासारख्या घरांत तो पोचायला सत्तरचं दशक उजाडलं. धूर गेला, आईचे डोळे सुखावले. पण त्याबरोबर निखारेही गेले, म्हणजे घरातली वरची आगच गेली! मग वाळू आली. जाड भांड्यात वाळू तापवायची, तीवर केकचं भांडं ठेवून वरून घट्ट झाकण. वाळू चहूकडून धग द्यायची, तरी माथा पांढरटच राहायचा. त्याच सुमाराला, 1970 मध्ये, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजलं. मुलगीसुद्धा पुस्तक उघडून परातीशी बसू शकली, हे त्या मापाचं मोठेपण.

पुढे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. मुलं आता भट्टीच्या दारातून उठून त्या खिडकीला नाक लावून बसली. एका वेळी दहा-बारा नानकटाया मावत, त्यामुळे घाण्यावर घाणे काढत अख्खी दुपार जाई.

आता खुद्द भट्टीही बदलते आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मला हे पटतं. तो धूर सगळ्यात आधी भट्टीवाल्यांच्याच छातीत जातो. पण विजेच्या भट्टीत काटा फिरवला की हवा तो ताप मिळतो, त्यात धग उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. उतरत्या धगीची ती जाण विसरली जाण्याआधी, जुन्या भट्ट्यांवरचे कारागीर आहेत तोवर त्यांच्याशेजारी उभं राहून, पाव निघाल्यावर किती वेळाने बिस्किटं, किती वेळाने टोस्ट, कोणत्या कोपऱ्यात काय, हे सगळं कुणीतरी वही घेऊन उतरवून घ्यायला हवं.