पाकीट, मोर्तब आणि मोतद्दाराचं गाणं

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाजवळून आपण शेकडो वेळा गेला असाल. ती जागा मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. आजचा विषय बनावट ईमेल कशी अडवायची हा, आणि आम्ही किल्ल्यापासून सुरुवात करतोय. किल्ल्याकडे परत येऊच.

आधी आमची फजिती. डोंबिवलीत आम्हा निवृत्त प्राध्यापकांचं एक छोटं मंडळ आहे, स्वतःचं डोमेन, स्वतःचा मेल सर्व्हर. एके दिवशी चिटणीसांच्या पत्त्यावरून सगळ्यांना पत्र गेलं: एका सभासदाच्या शस्त्रक्रियेला तातडीने पैसे हवेत. कल्याणच्या एका ज्येष्ठ बाईंनी त्याच दुपारी पंधरा हजार पाठवले. चिटणीसांनी तसं पत्र लिहिलंच नव्हतं! पैसे गेले ते गेलेच, पण बाईंनी बैठकीला येणंही सोडलं. म्हणाल्या, "पत्ता तुमचाच होता ना?"

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. न्यायदर्शन आप्ताच्या शब्दाला प्रमाण मानतं. पण हा शब्द आप्ताचाच कशावरून? बाईंचा प्रश्न नेमका तोच होता, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं याला इतिहास आहे. ईमेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेलने १९८२ मध्ये लिहून काढले, तेव्हा त्या जाळ्यावर बहुतेक विद्यापीठं आणि संशोधनसंस्थाच होत्या. पाकिटावर एक प्रेषक, आतल्या पत्रावर दुसरा, असं चालत असे, आजही चालतं. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला. आणि पोस्टातल्या पाकिटावर आपण कुणाचंही नाव टाकू शकतो, तसंच हेही.

आपल्याकडचे कारभारी इतके भोळे नव्हते. शिवकालीन पत्र पाहा. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मोर्तब. मर्यादा इथवर, याखाली कुणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. अक्षर कारकुनाचं, शिक्का धन्याचा. शिक्का खरा की खोटा हे पाहणाऱ्याला आधीचे ठसे ठाऊक असत, म्हणून ताडून पाहता येई.

ईमेलला ही सोय यायला २००६-०७ उजाडावं लागलं. पहिली, एसपीएफ: आमच्या डोमेनच्या नावाने कोणत्या यंत्रांनी पत्रं टाकावीत त्याची यादी आपण डीएनएसमध्ये जाहीर करायची. जासूद ओळखीचा आहे का, एवढंच ती पाहते, आणि तेही पाकिटावरच्या नावापुरतं. दुसरी, डीकेआयएम: आपला सर्व्हर मजकुरावर गुप्त किल्लीने मोर्तब करतो, जोडीची उघडी किल्ली डीएनएसमध्ये असते, ती घेऊन कुणीही ताडून पाहावं. तिसरी, २०१२ मध्ये पुढे आलेली डीमार्क. आत दिसणारं नाव या दोहोंपैकी एकाशी तरी जुळलं पाहिजे, आणि नाही जुळलं तर काय करायचं, हे नावाचा मालकच सांगून ठेवतो: नुसतं कळवा, बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परत पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही गोष्टी मागतात.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डीकेआयएममध्ये 'एल' नावाची एक खूण आहे. मोर्तब पहिल्या अमुक इतक्याच अक्षरांपुरती, असं तिने सांगता येतं. म्हणजे खाली कुणीही काहीही जोडावं, मोर्तब खरीच ठरणार! नेमकी ही फट शिवकालीन चिटणिशीने बुजवली होती. ही खूण वापरू नका.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने रविवारी बसून हे सगळं लावून दिलं. आम्ही उत्साहाने पहिल्याच दिवशी 'परत पाठवा' लिहायला लावलं. तो म्हणाला, "सर, महिनाभर नुसते अहवाल वाचू." ऐकलं नाही. दोन आठवड्यांनी एक जुने सहकारी गेले. शोकसभेचं पत्र कल्याणच्या एका स्नेही गटामार्फत पुढे गेलं. तो गट प्रत्येक पत्राखाली स्वतःची एक ओळ जोडतो. मोर्तब मोडली, जासूदही अनोळखी, त्यामुळे कित्येकांकडे पत्र दारातच नाकारलं गेलं. सभेला सात माणसं. ती चूक आमची. मग पायरी खाली आणली आणि अहवाल वाचायला बसलो.

दुसऱ्यांची पत्रं घेतानाही एक पथ्य आहे. नाकारायचं ते दारात, सर्व्हरने 'मिळालं' म्हणण्याआधी. आत घेऊन मागाहून परत पाठवलंत, तर ते ज्याचं नाव चोरलं त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन पडतं.

आता किल्ला. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला. बाजीरावाला त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हवाली करावा लागला आणि तो ठाण्याच्या किल्ल्यात आला. पहारा गोऱ्या शिपायांचा, मुद्दाम, म्हणजे फितुरी नको. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार! १८२५ मध्ये इकडे आलेल्या बिशप हेबरने ऐकीव हकीकत लिहून ठेवली आहे. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखाली गाणी म्हणे, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यांतच असे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं.

हकीकत खरी धरली तर पाहा: मोतद्दार खरा, चाकरी खरी, आत येण्याचा हक्क खरा. आमच्या तिन्ही तपासण्यांत तो पास झाला असता. भामटा स्वतःचं नवं डोमेन विकत घेतो, आमच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करतो, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नीट लावतो. म्हणून मजकूर वाचणारी चाळणी वेगळी लागते. ती शब्दांवरून, दुव्यांवरून, डोमेन किती जुनं आहे यावरून गुण देते. आमच्या चाळणीला इंग्रजी चांगलं कळायचं, मराठी फारसं नाही, ठाण्याच्या पहाऱ्यासारखंच. सभासदांनी मराठीतली खरी आणि खोटी पत्रं वेगवेगळी करून तिला शिकवली, तेव्हा कुठे फरक पडला.

निवडणाऱ्यांत कल्याणच्या त्या बाईही आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी खोट्यांच्या ढिगात आमचंच एक वर्गणीचं स्मरणपत्र टाकलं होतं, आणि अजून ते बाहेर काढायला त्या तयार नाहीत. प्रश्न असतील तर घेऊया.